हॅलोवीनचा पोशाख आणि वाढतं वय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नागपूरची. न्यू जर्सीत येऊन पंचवीस वर्षं उलटून गेली. थोरली मुलगी २००१ची, धाकटा मुलगा २००६चा. दोघांचे मिळून पंचवीसेक पोशाख मी शिवले, चिकटवले किंवा दुकानातून आणले. गणपतीचं विसर्जन झालं की नव्यानं इकडे आलेल्या मैत्रिणींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि ते कापडाचे कमी, मुलांच्या वयाचे जास्त असतात. म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहिली.

पोशाख नेमका कधी लागतो?

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, वार कुठलाही असो. प्राथमिक शाळेत त्या दिवशी मुलांची मिरवणूक असते आणि संध्याकाळी घरोघरी कँडी मागायला जायचं असतं. ज्या घराच्या दारातला दिवा लागलेला असेल, तिथंच जायचं. त्याआधीच्या शनिवार-रविवारी कुठे पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या सजवून कँडी वाटतात, तिथंही तोच पोशाख चालतो. शाळेची सूचना मात्र आधी वाचा. मुखवटा, तलवार आणि रक्त, या तीन गोष्टी बहुतेक शाळांत चालत नाहीत.

सासूबाई विचारतात, "हे भुताखेतांचं सोंग आपल्या पोरांनी कशाला घ्यायचं?" काय सांगू?

त्यांना शिमग्याची आठवण करून द्या. कोकणातल्या असतील तर संकासुर लगेच डोळ्यांपुढे येईल. विदर्भातल्या असतील तर तान्हा पोळा आठवेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोरं नटूनथटून, लाकडी बैल ओढत घरोघरी जायचो आणि बोजारा मागायचो. कुणी चार आणे द्यायचं, कुणी हातावर लाडू ठेवायचं. इथं आल्यावर पहिल्या वर्षी दार उघडलं, समोर पिशवी पुढे केलेली एक चिमुकली चेटकीण उभी होती, आणि मला थेट नागपूरच्या महाल भागातली आमची गल्ली आठवली.

हॅलोवीनचं मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचं. सुगी संपून हिवाळा लागताना, मेलेल्यांचे आत्मे त्या रात्री फिरतात अशी समजूत होती. स्कॉटलंडमध्ये मुलं वेश बदलून दारोदार जायची, गाणं किंवा नकला करून दाखवायची आणि बदल्यात फळं, सुकामेवा, पैसे घ्यायची. एकोणिसाव्या शतकात ही माणसं अमेरिकेत आली, तेव्हा सोबत हा सणही आला. तिकडे ती सलगम कोरून दिवे करायची, इकडे लाल भोपळा मुबलक मिळाला.

आमचा तीन वर्षांचा मुलगा बाबांनी मुखवटा चढवला की किंचाळतो. तो भित्रा आहे का?

मुळीच नाही. त्याच्या लेखी बाबांनी काही चढवलेलं नसतं, बाबा गेलेले असतात.

१९६९ साली रीटा डीव्हरीज या संशोधिकेनं यावर एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं एक शांत मांजर होतं. मुलांना ते हाताळायला दिलं, मग त्याचं तोंड पडद्याआड करून त्यावर कुत्र्याचा मुखवटा बांधला. मांजराचं मागचं अंग तर सगळा वेळ दिसत होतं. तरी तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटलं की आता हा कुत्राच झाला. सहा वर्षांच्या मुलांना मात्र ठाऊक होतं की आत मांजरच आहे.

या वयात पोशाख आपणच ठरवतो, खरं तर आपल्याच हौसेसाठी. थोरलीला मी दोन वर्षांची असताना भोपळा केलं होतं. फोटो गोड आले, पण ती आरशासमोर गेली आणि रडायला लागली. आता सांगते, तोंड झाकू नका, कान किंवा शेपटी पुरे. आणि बाबांना मुखवटा घालायचाच असेल तर मुलाच्या डोळ्यांदेखत हळूहळू चढवा, पुन्हा काढा, मग त्याच्या हातात द्या.

मुलगी चार वर्षांची आहे. दर आठवड्याला नवीन काहीतरी व्हायचं म्हणते, आणि तेही काहीच्या काही. परवा म्हणाली, "मी फ्रीज होणार."

मग फ्रीज होऊ द्या! मनापासून सांगते, चार ते सहा हे या सणाचं सगळ्यात श्रीमंत वय आहे. आपण बहुरूपी आहोत असं या वयातल्या पोरांना वाटतच नाही, ती सरळ ती वस्तू होतात.

धाकटा चार वर्षांचा असताना, २०१०मध्ये, त्याला कचऱ्याचा ट्रक व्हायचं होतं. अग्निशमनाचा बंब नाही, रेसची गाडी नाही, दर मंगळवारी सकाळी आमच्या गल्लीत येणारा हिरवा कचऱ्याचा ट्रकच. टीव्हीच्या खोक्याला मी हिरवा रंग दिला, कागदी बश्यांची चाकं लावली, माझ्या जुन्या ओढणीच्या पट्ट्या करून खोकं त्याच्या खांद्यांवर लटकवलं. मागचं झाकण उघडायचं, त्यातच कँडी टाकायची. घरात झकास दिसलं. पण पहिल्याच घराच्या पायऱ्या चढताना पुठ्ठ्याची कड गुडघ्यांना अडायला लागली. तो रडला नाही. खाली उभा राहून ट्रकसारखा "बीप बीप" करत मागे सरकला. मी धावत घरी गेले, कात्री आणली आणि फूटपाथवर गुडघे टेकून पुढची चार बोटं पट्टी कापून टाकली. त्या कापलेल्या कडेला रंग नव्हता, नुसता तपकिरी पुठ्ठा दिसत होता. त्याला त्याचं काहीच नव्हतं. पुढचे दोन तास तो ट्रकच होता, शेजारच्या काकूंना त्यानं त्यांचा डबा कुठे आहे तेही विचारलं.

या 'होण्यात' ताकद असते. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचं एक कंटाळवाणं काम दिलं होतं, शेजारी खेळायला आयपॅड ठेवला होता. काही मुलांना सांगितलं होतं की तू बॅटमॅन आहेस असं समज, आणि अंगावर तसं काही चढवायलाही दिलं होतं. तीच मुलं कामाला सगळ्यात जास्त वेळ चिकटून राहिली. म्हणून नोव्हेंबरात पोशाख लगेच आवरून टाकू नका. दात घासायला जे मूल कुरकुरतं, त्याला बॅटमॅनचे दात घासायला आवडतात.

मत बदलण्याबद्दल म्हणाल तर ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत काहीही कापू नका. त्या दिवशी जे उत्तर येईल ते कागदावर लिहा आणि तिच्याकडून त्याखाली चित्र काढून घ्या. स्वतःच्या हातचं चित्र असलं की मूल सहसा शब्द फिरवत नाही.

मुलीला दरवर्षी राजकन्याच व्हायचं असतं. मला ते आवडत नाही. वळवू का?

वळवू नका, वय ते काम करतं. शाळा सुरू होण्याच्या सुमाराला आपण मुलगी आहोत की मुलगा हे मुलांना नुकतंच पक्कं कळलेलं असतं, आणि ते अंगावर ठळकपणे दिसावं असा हट्ट असतो. बऱ्याच मुलींचा झालर आणि गुलाबी रंगाचा काळ याच वयातला. त्यात सिनेमाची लाट आली की मग विचारूच नका. 'फ्रोझन' २०१३च्या अखेरीस आला आणि २०१४च्या हॅलोवीनला आमच्या शाळेच्या मिरवणुकीत मी निळ्या झग्यातल्या एल्सा मोजायला लागले, सतरा झाल्यावर सोडून दिलं.

आमच्या थोरलीनं तीन वर्षं एकच गुलाबी झगा घातला. मी दरवर्षी खाली एक पट्टी जोडत गेले. चौथ्या वर्षी तिनं स्वतःच तो फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि त्यातून भूत झाली.

नऊ वर्षांचा मुलगा अचानक रक्त, कवट्या, तुटलेला हात असलं मागायला लागलाय. काळजी करावी का?

माझ्या पाहण्यात हे अगदी वेळेवर आहे. कालपर्यंत जे त्याला घाबरवत होतं, ते आता त्याला स्वतःला चढवून बघायचंय. रात्री एकटं बाथरूमला जाताना दिवा लावणारं पोर ३१ तारखेला सांगाड्याच्या वेशात अंधारात बिनधास्त फिरतं, कारण आज भीतीची दोरी त्याच्या हातात असते. आमच्याकडे आठ ते अकरा हा काळ सगळा व्हॅम्पायर आणि झोंबींचा गेला. रक्तासाठी कॉर्न सिरप, लाल खायचा रंग आणि चिमूटभर कोको पुरतो.

फक्त या वयात मुलं घोळक्यानं आणि तोंड झाकून फिरायला लागतात, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. १९७६मध्ये सिअ‍ॅटलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हॅलोवीनच्या रात्री २७ घरांत १,३५२ मुलं आली. "एकच कँडी घ्या" असं सांगून घरातली बाई आत जायची आणि लपलेला निरीक्षक बघत राहायचा. ज्या मुलांना आधी नाव आणि पत्ता विचारला होता, त्यांनी कमी उचललं. ज्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि जी घोळक्यात होती, त्यांनी जास्त. म्हणून मी मुखवट्याऐवजी चेहरा रंगवायला सांगते. वाट नीट दिसते आणि शेजारच्या आजोबांना पोर ओळखता येतं.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. मी शिवलेलं नको म्हणते. फार लागलं मनाला.

लागणारच. मलाही लागलं होतं.

२०१३मध्ये मी ऑगस्टपासून मोर शिवत होते. आईच्या जुन्या पैठणीचे काठ विरलेल्या साडीपासून सोडवून घेतले होते, त्यांची पिसं कापून निळ्या अस्तरावर एकावर एक बसवली होती. अठ्ठेचाळीस पिसं, प्रत्येकाला हातानं धावदोरा. सप्टेंबरच्या शेवटी थोरली माझ्या मशीनजवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ पिसांवरून बोट फिरवत होती. मग खाली बघत म्हणाली, "आई, खूप छान झालंय. पण आम्ही चौघी क्रेऑन होणार आहोत."

चौघी म्हणजे वर्गातल्या चार मैत्रिणी. प्रत्येकीचा एक रंग, त्याच रंगाचा टी-शर्ट आणि पुठ्ठ्याची टोकदार टोपी. तिच्या वाट्याला जांभळा आला होता. माझ्या दृष्टीनं त्यात काहीच नव्हतं. पण मिरवणुकीचे दिवस संपले होते, ती आता मिडल स्कूलमध्ये होती, आणि तिथं एकटा मोर म्हणजे सगळ्यांच्या नजरा. क्रेऑन मात्र एकटा अर्धा असतो, चार मिळून डबी होते. या वयात मुलं 'मी काय होऊ' विचारत नाहीत, 'मी कुणाबरोबर उभी राहू' विचारतात. हे मला त्या रात्री कळलं नाही. त्या रात्री मी मोर मलमलच्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आणि भांडी घासत बसले.

तुम्हाला एवढंच सांगेन की शिवण थांबवा, पण दार बंद करू नका. त्या चौघींना घरी बोलवा, टोप्यांना ग्लू गन लावून द्या, सगळ्यांना पोहे करा. मी जांभळा रंग चार दुकानं फिरून नेमका जुळवून आणला होता. ते तिनं पाहिलं होतं.

किती वयापर्यंत कँडी मागायला जाणं ठीक?

बहुतेक गावांत कायदा नाही, रीत आहे. काही गावांत कायदाही होता. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात १२ वर्षांवरच्या मुलांना मनाई होती, २०१९मध्ये ती मर्यादा १४ केली. माझ्या दारात सोळा वर्षांचं मिशी फुटलेलं पोर आलं तरी मी कँडी देते. नुसती हुडी घालून आलेल्यालाही देते. त्या वयात पोशाखाची हौस दाखवणं लाजेचं वाटतं आणि न येणंही जीवावर येतं, म्हणून ते पोर हुडी घालून येतं. त्याला "तू काय झालायस?" असं विचारू नका.

नऊवारी नेसवून पाठवलं तर? घरात आहे, मुलगी गोड दिसेल, खर्चही नाही.

या प्रश्नावर आमच्या भिशीत दोन तट आहेत, मी माझं मत सांगते. जे आपण पाडव्याला, लग्नाला नेसतो ते सोंग नाही. दारात उभ्या असलेल्या माणसानं "तू काय झालीस?" म्हटल्यावर मुलीनं "मी मराठी झाले" म्हणायचं का? ती तर आहेच. २०११मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हेच पोस्टरवर मांडलं होतं, की आम्ही एक संस्कृती आहोत, पोशाख नाही.

पण झाशीची राणी वेगळी. ती एक व्यक्ती आहे, तिचं नाव आहे, तिची गोष्ट आहे. आपल्याकडच्या वेशभूषा स्पर्धेत मुली जिजाऊ किंवा सावित्रीबाई होतात, तसंच हे. अट एकच, इच्छा मुलीची हवी. थोरलीच्या वर्गातल्या एका मुलीला आईवडिलांनी आग्रहानं राणी केलं होतं. चाळीस दारांत चाळीस वेळा राणी कोण ते इंग्रजीत समजावताना ती रडकुंडीला आली. ज्या मुलीला गोष्ट सांगायची हौस आहे, तिला मात्र हाच पोशाख सोन्यासारखा. तिला दोन वाक्यांचं उत्तर घरून पाठ करून द्या.

मोठी माणसं का नटतात? ऑफिसात सगळे काहीतरी होऊन येणार आहेत, मला संकोच वाटतो.

हा सण आधी मुलांचा होता आणि मोठ्यांनी तो बळकावला असं आपल्याला वाटतं, ते खरं नाही. डेनिसन नावाची मॅसॅच्युसेट्समधली कागदाची कंपनी १९०९ पासून हॅलोवीनच्या सजावटीच्या आणि क्रेप कागदाच्या पोशाखांच्या पुस्तिका काढू लागली, त्या बऱ्याचशा मोठ्यांच्या मेजवान्यांसाठी होत्या. घरोघरी फिरणारी मुलं १९२०-३०च्या दशकांत वाढली, दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आलं तेव्हा ओसरली आणि नंतर गावोगाव पसरली. त्यांच्यासाठी पोशाख खोक्यात मिळायला लागले. न्यूयॉर्कची बेन कूपर कंपनी १९३७ची. तिच्या खोक्यात प्लॅस्टिकचा पातळ मुखवटा आणि एक झगा असायचा, झग्याच्या छातीवर त्याच पात्राचं चित्र. ज्यांनी तो लहानपणी घातला, ते आज आजी-आजोबा आहेत आणि त्या मुखवट्याच्या आतल्या ओल्या वाफेचं वर्णन अजून करतात. १९७४मध्ये राल्फ ली या बाहुल्या आणि मुखवटे करणाऱ्या कलावंतानं न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये मिरवणूक सुरू केली. ती आजही सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवरून निघते आणि तिच्यात मोठी माणसं हजारोंनी नटून चालतात.

मोठ्यांची आवड कशी असते? विशीत बहुतेकांना सुंदर दिसायचं असतं. कॉलेजात तर एकाच आठवड्यात तीन रात्री तीन पोशाख, आणि थंडीत कुडकुडणाऱ्या मुली मी स्वतः पाहिल्या आहेत. थोरलीच्या त्या वर्षांबद्दल मी काही बोलले नाही, फक्त काळी उबदार विजार पार्सलनं पाठवली. मग नोकरी लागली की पोशाखात डोकं चालवायची हौस येते, कोटी, कोडं, बघणाऱ्याला दोन क्षण विचार करायला लावणारं काहीतरी. मुलं झाली की सगळं कुटुंब मिळून एक गोष्ट होतं. आणि चाळिशीनंतर, हे मला फार आवडतं, माणसं पुन्हा चार वर्षांच्या मुलासारखं मागायला लागतात. हायडी क्लूम ही मॉडेल २००० पासून जवळजवळ दरवर्षी हॅलोवीनची मोठी पार्टी देते. २०२२मध्ये ती गांडूळ होऊन आली, नखशिखांत, चेहराही जवळजवळ सगळा झाकलेला. सुंदर दिसण्यात जिचं आयुष्य गेलं तिला गांडूळ व्हावंसं वाटलं, यात मला आमचा कचऱ्याचा ट्रक दिसतो.

संकोच वाटत असेल तर एकच वस्तू घाला. टोपी, चष्मा, शेपटी, काहीही. कुणी विचारलं की तुम्हाला सांगायला एक वाक्य असलं म्हणजे झालं.

२०२३मध्ये थोरलीला पहिली नोकरी लागली. ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. "आई, तो मोर आहे का अजून?" मलमल उघडली, तर अस्तर एके ठिकाणी विरलं होतं, पिसं जशीच्या तशी. बारा वर्षांच्या मुलीचा घेर बावीस वर्षांच्या मुलीला कसा बसणार? कमरेचा भाग उसवला आणि खांद्यावरून सोडायची केप केली. ऑफिसात तिला विचारलं, पिसं कशाची, तर म्हणाली, "माझ्या आजीच्या साडीची."

थंडीचं काय करायचं?

पोशाख एक माप मोठा घ्या म्हणजे आत स्वेटशर्ट बसतो. वरून जाकीट घातलं की सगळा पोशाख झाकला जातो आणि रडारड होते. लेबलवर सहजासहजी पेट न घेणारं कापड आहे ना ते बघा, आणि भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा.

खर्च किती करावा?

अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०२३ साठी हॅलोवीनच्या एकूण खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर धरला होता, त्यात पोशाखांचे ४.१ अब्ज. एवढी लाट अंगावर येते तेव्हा हात आखडणं सोपं नाही. सहाच्या आतल्या मुलासाठी खोकं आणि रंग पुरतात. विकतचा पोशाख आणायचाच असेल तर आठ-नऊच्या पुढे आणा, तेव्हा 'अगदी खऱ्यासारखा' हवा असतो.

दिवाळी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले तर?

आनंद दुप्पट, झोप निम्मी. २०१६मध्ये ३१ ऑक्टोबरला पाडवा होता. धाकटा दहा वर्षांचा, व्हॅम्पायरचे दात आणि चेहऱ्याला पांढरा रंग लावून तयार. मी यांना ओवाळत होते, तर तो पाटाशेजारी येऊन बसला, "मलाही." त्या रंगावर कोरडं कुंकू बसेना, ओलं करून लावलं. तिसऱ्या की चौथ्या घरी बाईंनी विचारलं, कपाळावरचा लाल ठिपका पोशाखाचाच भाग का? तो म्हणाला, "नाही, हे खरं आहे."

जुन्या पोशाखांचं काय करता?

चांगले असतील ते सप्टेंबरातच देऊन टाकते, म्हणजे कुणाच्या तरी कामी येतात. बाकीचे जिन्याखालच्या दोन खोक्यांत आहेत. गुलाबी झगा चिंध्यांच्या रूपात. एक जांभळी टोपी, टोक मोडलेली. ट्रक सपाट करून भिंतीला उभा केलाय, पुढची पट्टी अजून तशीच, बिनरंगाची. यंदा धाकट्यानं कॉलेजातून फोन करून त्याची लांबी-रुंदी विचारली. कशाला ते सांगितलं नाही. मी टेप घेऊन मोजली आणि कळवली.